अंगणातल्या मशीनची राखण

बाबा, परवा दुपारी आपल्या अंगणात चोर आले होते. गवत कापायची मशिनं न्यायला. तुम्ही असतात तर पहिलं हेच विचारलं असतंत, "मशीन आसा मां?" आहे. सगळी जागच्या जागी आहेत. धाकटीही बरी आहे, मीही बरी आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही झालं की मनात आधी तुमचाच प्रश्न उमटतो आणि त्याचं उत्तर देऊन झाल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही. म्हणून लिहायला बसले. हे पाठवायचं कुठेच नाही, तेव्हा जे आहे ते तसंच लिहिते.

तुमचं पहिलं मशीन गेलं तो दिवस मला लख्ख आठवतो. आई जाऊन फार दिवस झाले नव्हते, स्वयंपाक नुकताच माझ्याकडे आला होता. तुम्ही सकाळी कुठल्याशा सोसायटीचं गवत कापून आलात, दुपारी दुसऱ्या बंगल्यावर जायचं होतं, म्हणून मशीन दाराबाहेर भिंतीला टेकवून जेवायला बसलात. मी सुकटाची आमटी वाढत होते. हात धुवायला बाहेर गेलात आणि आवाज आला नाही, काहीच आवाज आला नाही, म्हणून मी डोकावले. भिंत मोकळी होती. तुम्ही खरकट्या हाताने, अनवाणी, थेट मोठ्या रस्त्यापर्यंत धावत गेलात. परत आलात ते पायरीवर बसून राहिलात. तो सगळा पावसाळा तुम्ही कोयत्याने गवत कापलंत. मुलुंडच्या डोंगराखालचं ते कमरेएवढं गवत. संध्याकाळी बोटं मिटत नसत तुमची, भाताचा घास मी कालवून द्यायचे.

दुसरं मशीन आलं ते थेट स्वयंपाकघरात. टाकीतलं पेट्रोल अंगणातच काढायचं, कॅन घरापासून लांब मोरीच्या मागे कुलपात, मशीन कोरडं झालं की मग आत. ओट्याखाली माझं तांदळाचं पिंप होतं, ते तुम्ही बाहेरच्या खोलीत ढकललंत आणि त्या जागी भिंतीत लोखंडी कडी गाडून घेतलीत. साखळी मुठीतून घालायची नाही, मूठ दोन स्क्रू काढले की हातात येते. इंजिनाच्या बुडाच्या चौकटीतून घालायची. प्लग काढून खिशात. इंजिनाच्या पोटाखाली, दिसणार नाही असं, आपल्या गावाच्या नावाचं पहिलं अक्षर खिळ्याने कोरायचं. वर गोणपाट. रस्त्यावर मशीन धुवायचं नाही, कारण धुताना जो उभा राहून बघतो तोच उद्या न्यायला येतो. हे सगळं मला पाठ आहे, पण तुम्ही मला कधी शिकवलं नाहीत. तुम्ही धाकटीला शिकवत होतात, मी भाकऱ्या थापता थापता ऐकत होते.

त्या मशीनचा मला किती राग यायचा, बाबा! भाताला पेट्रोलचा वास, पदराला ग्रीसचे डाग. पण खरा राग वासाचा नव्हता. तुम्ही कामावरून आलात की त्याच्यासमोर उकिडवे बसायचात, पातं काढून फडक्याने पुसायचात, दातेरी कडांवरून अंगठा फिरवायचात. इतक्या हळू हाताने तुम्ही माझ्या डोक्यावरून कधी हात फिरवल्याचं मला आठवत नाही. आणि शेजारी धाकटी बसलेली असायची, पाना पुढे करत. दर रविवारी ती तुमच्याबरोबर कामावर जायची, कापलेलं गवत ओढायला. मी डबा भरून द्यायचे. परत यायची तेव्हा तिच्या केसांत गवताच्या काड्या आणि तोंडात नुसतं "बाबांनी आज हे दाखवलं, बाबांनी आज ते दाखवलं." मी तिचे केस विंचरायचे, आणि फणी जरा जोरात ओढायचे.

मग एक दिवस तुम्ही बाजारातून दोन वस्तू आणल्यात. साखळीच्या कुलपाला दुसरी चावी करून घेतली होतीत, ती काळ्या दोऱ्यात ओवून धाकटीच्या गळ्यात घातलीत. आणि मला दिलात शिसवी पोळपाट. चांगला होता तो, जड, कडेला नक्षी असलेला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "नशीबवान आहेस गं, बापाचं लक्ष आहे." मी हसले. धाकटी ती चावी शाळेतसुद्धा काढायची नाही. गणवेशाच्या कॉलरमधून तो काळा दोरा दिसायचा आणि मला भूक लागायची नाही.

त्याच वर्षी दिवाळीची साफसफाई काढली होती मी. फरशी घासायची म्हणून धाकटीकडून कुलूप उघडून घेतलं, मशीन उचलून दारात ठेवलं आणि नळाला पाणी आलं म्हणून हंडा घेऊन गेले. परत येते तर तुम्ही दारात उभे. "ह्यां हयसर कोणी ठेवल्यान?" मी म्हटलं, "मी." शेजारीपाजारी बघत होते. "अक्कल खंय गेली तुझी? चोराक आमंत्रण दितंस? तुझ्या हातात कायव दिला की वाट लागता." मशीन गेलं नव्हतं, कुणी हातही लावला नव्हता. तुम्ही ते आत नेऊन बांधलंत, धाकटीने कुलूप लावलं, आणि मी हंडा कमरेवर तसाच धरून उभी राहिले. त्या संध्याकाळी तुम्ही जेवताना म्हणालात की आमटी छान झालीय. मला ते नको होतं.

आता हल्लीचं सांगते. धाकटी घाटकोपरला राहते, वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. बागकामाची कामं घेते. बोरिवलीपासून चेंबूरपर्यंत तिला बोलावणं असतं, हाताखाली माणसं आहेत, त्यांना निळे टी-शर्ट शिवून दिलेत आणि सोसायट्यांचे सेक्रेटरी तिला "मॅडम" म्हणतात. लोक म्हणतात हिचा हात वडिलांसारखा आहे. माझ्यासमोर म्हणतात. मी आपल्या जुन्या घरातच आहे, डब्यांचा धंदा बरा चालतो, पण माझा हात कुणासारखा आहे असं कुणी म्हणत नाही. तिला मशिनं ठेवायला जागा नाही म्हणून ती आपल्याच अंगणात असतात: गवताची, कुंपणाची झुडपं छाटायचं, फांद्या कापायची करवत. तिने भिंतीला लागून जाळीचा पिंजरा वेल्डिंग करून घेतला, आत जमिनीत कडी, त्यातून साखळी, बुडाच्या चौकटीतून. मी बघितलं आणि तोंड फिरवलं. वर कॅमेरा. तिथे कुणी आलं की तिचा फोन वाजतो, ती तिथून बघू शकते, बोलूही शकते. एक चावी तिच्याकडे, एक माझ्या फडताळात. आणि मी दिवसभर घरात, म्हणजे बिनपगारी वॉचमन.

परवा दुपारचे डबे रवाना झाले होते, मी संध्याकाळच्या कणकेत हात घातलेले. दाराशी छोटा टेम्पो थांबला. दोघं उतरले, दोघांच्या अंगात निळे टी-शर्ट. एक टोपीवाला, त्याने धाकटीचं नाव घेतलं, अगदी बरोबर. "ताईंनी पाठवलंय. सगळी मशिनं सर्व्हिसिंगला न्यायचीत. चावी देता का?"

मला संशय आला नाही, बाबा. एवढासुद्धा नाही. मला आला तो राग. म्हणजे आता मला एक फोनही करायचा नाही? नोकर पाठवायचे, आणि मी चावी काढून द्यायची? मी कणकेच्या हातानेच दारात आले आणि म्हटलं, "तिला म्हणावं, स्वतः ये. मी काय तिची वॉचमन आहे?"

"अहो ताई, मॅडम कामात आहेत. तुम्ही फक्त चावी द्या ना, आम्ही काढतो."

"मॅडम असेल तुमची. माझी धाकटी बहीण आहे ती. नाही देत चावी. जा."

टोपीवाल्याने दुसऱ्याकडे बघितलं. दुसरा टेम्पोकडे गेला आणि येताना त्याच्या हातात लांब दांड्यांचा कटर होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सर्व्हिसिंगला न्यायला आलेला माणूस कटर घेऊन येत नाही. आत जाऊन कडी लावायला हवी होती, कुणीही शहाण्या बाईने तेच केलं असतं. पण तो पिंजऱ्याच्या कुलपाला कटर लावतोय हे बघितलं आणि मला तुम्ही दिसलात, खरकट्या हाताने धावणारे. मी जाऊन पिंजऱ्याच्या दाराला पाठ लावून खाली बसले. "काप," म्हटलं, "आधी मला बाजूला कर आणि मग काप."

"बाई, उगाच लागेल तुम्हाला. उठा," टोपीवाला म्हणाला. त्याने माझा दंड धरला.

आणि डोक्यावरून धाकटीचा आवाज आला, कॅमेऱ्यातून, फाटलेला, खरखरता. "ए! तिला हात लावू नकोस! बघतेय मी तुला! तिला हात लावलास तर बघ!" टोपीवाल्याने चटका बसावा तसा हात काढला आणि वर बघितलं. समोरच्या काकूंची खिडकी उघडली, त्यांनी "चोर, चोर" सुरू केलं, गल्लीतली माणसं बाहेर यायला लागली. दोघं टेम्पोत चढून निघून गेले. कुलपाची कडी अर्धी कापलेली होती. पोलीस येऊन बघून गेले, टेम्पोचा नंबर कॅमेऱ्यात आलाय म्हणाले. नंतर कळलं, धाकटीची माणसं कुठल्याशा सोसायटीत काम करत असताना त्यांच्याशी गप्पा मारून चोरांनी सगळी माहिती काढली होती आणि तसेच टी-शर्ट मिळवले होते.

धाकटी रिक्षाने आली. आली ती पिंजऱ्याकडे न बघता सरळ आत. माझा दंड उलटसुलट करून बघितला आणि भांडायलाच लागली. "वेडी आहेस का तू? न्यायची होती तर नेऊ द्यायची ना! लोखंड आहे ते, दुसरं येईल. तुला काही झालं असतं म्हणजे?"

"बाबा असते तर असं म्हणाले नसते," मी म्हटलं. "बाबांनी आधी मशीन बघितलं असतं."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. मला नव्हता का ओरडा बसला, दारात ठेवलं म्हणून? सगळ्या गल्लीसमोर. चावी तुझ्याकडे, कामावर तू. मला पोळपाट." इतक्या वर्षांनी ते तोंडातून बाहेर पडलं आणि मलाच लाज वाटली. पन्नाशीला आलेली बाई मी.

तिने माझा दंड सोडला. मग स्टूल ओढून ओट्याशी बसली. म्हणाली, "अगं, मला कामावर का न्यायचे ठाऊक आहे? घरात ठेवली तर मी काहीतरी मोडून ठेवीन म्हणून. आणि दुपारी झाडाखाली तुझा डबा उघडला की दर वेळी एकच वाक्य. मला तर कंटाळा यायचा ऐकून. 'थोरलां घरात आसा, म्हणान मी भायर बिनघोर.' दर रविवारी. मला वाटायचं, मग हिलाच आणायचं ना, मला कशाला आणलंत?"

थोरलां म्हणजे मी. बाबा, मला आनंद झाला असं तुम्हाला वाटेल. झाला, पण नंतर. आधी तुमचा राग आला. माझ्याबद्दलचं वाक्य, तेही तुम्ही तिलाच दिलंत. दर रविवारी, झाडाखाली, माझ्याच हातची भाकरी खाता खाता. एकदा घरी येऊन, माझ्याकडे न बघता का होईना, ओट्याशी बोलला असतात तर काय बिघडलं असतं? तिने ते इतकी वर्षं असंच कुठेतरी टाकून ठेवलं होतं, कंटाळवाणं म्हणून. मी असते तर रोज काढून पुसलं असतं.

हा कागद मी तिला दाखवणार नाही. ती हसेल, किंवा रडेल, आणि दोन्ही मला बघायचं नाही. तुम्हाला मात्र एक सांगते. ती ते वाक्य बोलत होती तेव्हा कुकरची शिट्टी झाली. मी गॅस बारीक केला आणि म्हटलं, "काय म्हणाले? शिट्टीत ऐकूच नाही आलं." तिने पुन्हा सांगितलं, तुमच्याच सुरात, सावकाश.

पहिल्या वेळीच मला सगळं नीट ऐकू आलं होतं.