कराचीचा क्लिफ्टन

आंबोली गावठाण, अंधेरी
१९ ऑक्टोबर १९५२

प्रिय बर्नार्ड,

देव तुझं बरं करो. तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. भात कापणीला आलंय, काकांच्या एथेलच्या बाळाला दात आलाय, आणि शेजारची सखुबाई तुझ्या लग्नाची रोज चौकशी करते. तिला काय सांगायचं ते एकदा तूच कळव. मी तर सांगून दमले.

आता तुझ्या कामाचं. पप्पांना नाताळाआधी बोटीने कराचीला पाठव असं तू लिहिलंस. क्लिफ्टनला सोडून ते निघायचे नाहीत, म्हणून मी बोटीच्या ऑफिसात त्याचीही चौकशी केली. कारकून म्हणाला, "बाई, इथे माणसांचंच काही कळेना झालंय आणि तुम्ही कुत्रा कुठे घेऊन आलात?" या आठवड्यापासून नुसत्या परमिटवर भागत नाही, पासपोर्ट आणि व्हिसा पाहिजे. कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागेल आणि तिकडे उतरल्यावर बंदरातच त्याला वेगळा कोंडून ठेवतील, असं त्याचं म्हणणं. किती दिवस, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

मला हसू आलं आणि रागही आला. फाळणीच्या कितीतरी आधी तू ह्याला कराचीहून पिशवीत घालून आणलंस तेव्हा मुठीएवढा होता. बोटीवर कुणी विचारलंसुद्धा नाही. तिथल्या समुद्रकाठाचं नाव तूच त्याला दिलंस. आता स्वतःच्या गावी जायला त्याला दाखला पाहिजे!

नाहीच जमलं तर क्लिफ्टनला वेसाव्याच्या चंदूकडे ठेव, पप्पांना मी इथे दुसरं पिल्लू आणून देईन, असं तू लिहून मोकळा झालास. चंदू अजून दारावर मासळी घेऊन येतो. भला माणूस आहे, कुत्र्याला उपाशी ठेवणार नाही. पण प्रश्न क्लिफ्टनचा नाही रे.

आगेऱ्याच्या सणाला काय झालं ते तुला लिहायचं राहिलं. राहिलं कसलं, मी लिहिलंच नाही.

त्या दिवशी मिस्सा झाली, पाद्रींनी नव्या भाताला आशीर्वाद दिला. पप्पांनी दरवर्षीसारखा कोट घातला होता. आपल्या दाराला बांधायची कणसांची जुडी घेऊन ते पुढे निघाले आणि आम्ही बायका बोलत बोलत मागून. घरी पोचलो तर पप्पा नाहीत. शोधत गेले तर आळीतल्या अल्फान्सोच्या दारात खुर्चीवर चढून त्यांच्या चौकटीला आपली जुडी बांधतायत, आणि आत बघून ओरडतायत, "जोसेफीन, दोरी आण गं!" मम्मीला जाऊन आता दोन वर्षं होतील. अल्फान्सोची माणसं आधी हसली, मग पुढे होऊन त्यांनी खुर्ची धरली.

मी हात धरला, म्हटलं, "पप्पा, घरी चला." त्यांनी हात झटकला. "बाई, तुम्ही कोण?" सगळ्या आळीसमोर. शेवटी क्लिफ्टन आला, पॅंटचं टोक दातात धरून ओढायला लागला. तसे खाली उतरले आणि त्याच्यामागून मुकाट घरी आले.

हे काही त्या दिवसाचंच नाही. पावसाळ्यापासून चाललंय. घरी कुणी आलं की पप्पा आधी क्लिफ्टनकडे बघतात. तो भुंकला की दार लावून घेतात. त्याने शेपूट हलवलं की म्हणतात, "या, बसा." परवा सकाळी माझ्या हातचा चहा घेईनात. क्लिफ्टन येऊन माझ्या पायांवर पसरला तेव्हा म्हणाले, "म्हणजे तू घरचीच," आणि कप घेतला. मी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले, बर्नार्ड. त्यांची सख्खी मुलगी मी, आणि माझी ओळख कुत्र्याने पटवायची!

आधी का नाही कळवलंस, असं विचारशील. परमिट न मिळाल्याने मम्मीच्या मातीला तुला येता आलं नाही. तेव्हापासून तुझ्या प्रत्येक पत्रात पप्पांसाठी खोली बघितली, पप्पांना समुद्र दिसेल, हेच असतं. ते वाचून लिहायला माझा हात होईना.

पण आता स्पष्ट लिहिते. मी त्यांना पाठवणार नाही. बोटीवरून उतरून ते तुझ्यासमोर उभे राहिले आणि "तुम्ही कोण?" म्हणाले, तर तू त्यांना काय दाखवशील? पासपोर्ट?

तूच ये. व्हिसाच्या रांगेत उभा राहा, साहेबाच्या पाया पड, काय वाटेल ते कर, पण नाताळला ये. आणि एवढं माझं ऐक. फाटकातून "पप्पा, पप्पा" करत धावत येऊ नकोस, घाबरतील. बाहेरच थांब आणि क्लिफ्टनला शीळ घाल, पूर्वी घालायचास तशी. तो तुझ्या अंगावर उड्या मारायला लागला की पप्पा तुला आत घेतील.

शीळ जरा मोठ्याने घाल, आणि उशीर करू नकोस रे. क्लिफ्टनलाही हल्ली कमी ऐकू येतं.

तुझी वाट बघणारी,
अँजेलिना