डंपरची मुंडी

९ मार्च, रविवार
भिवापूरच्या बाजारातून बोकड आणला. नाव ठेवलं डंपर. मान वर केली की माझ्या छातीला लागतो. बायकोचे, कामिनीचे, चार गावरान बोकड एकत्र तोलले तर माझा एक भरतो. सिद्धांत साधा आहे: मोठं जनावर, मोठा नफा. मटण किलोवर विकतात, नगावर नाही. तिला हे कळत नाही.

तिच्याशी शर्त लागली. पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आमचं अख्खं हुडकेश्वर मटण खातं. त्या दिवशी डंपर खपला तर घरचा धंदा माझ्या हातात. नाही खपला तर मी जरीपटक्याला साळ्याच्या, म्हणजे जितेंद्रच्या, हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर बसायचं. त्यापेक्षा मी ते दुकानच पेटवून देईन.

संकल्प: आजपासून संताप बंद. बीपी आहे.

११ मार्च
डंपरने मागून हाणलं. मी गव्हाणीत, तोंडावर. एक दात हलतो. ताकद आहे म्हणजे मांस आहे. कामिनी म्हणते, त्यानं नाई हाणलं, तुमीच आडवे आले असान. डॉक्टरला पायरीवरून पडलो असं सांगितलं.

२ एप्रिल
जितेंद्र आला. म्हणे, भाऊजी, बकरा पाळून राहिले का हत्ती? डंपरने त्याच्या नव्या गाडीचा हेडलाइट फोडला, मग आरसा, मग जितेंद्रची नडगी. जनावराला माणसाची पारख आहे. खूश होऊन त्याला गूळ भरवला. त्याने बोटासकट घेतला.

२० मे
खाणं जरा जास्त. स्वतःचं संपवून बारक्यांचंही खातो, वर त्यांना भिंतीवर आपटतो. कामिनीने चौघांना घरामागे हलवलं. मला राग आला. काठी काढली. दोन फटके दिले, तिसऱ्याला काठी मोडली, पुढचा फटका त्याचा. चूल, मी आणि वरणाचं गंज, तिघेही आडवे. तो संताप नव्हता, ट्रेनिंग होतं.

१४ जुलै
भंगारवाल्याच्या काट्यावर वजन करायला नेला. काटा मोडला. भंगारवाल्याने माझी कॉलर धरली, मी त्याची, आणि डंपरने दोघांना भिंतीत दाबलं. आकडा वाचायचा राहिला, पण काटा मोडतो म्हणजे प्रगती उत्तम. बरगडीला पट्टा. भंगारवाल्याच्याही.

१८ ऑगस्ट
खाटीक रुपराव डंपर पाहून गेला. म्हणे, एवढा कोण घेईन गा? आमच्याकडे करीला गल्ली मिळून एक बोकड घेते आणि घराघराचे वाटे पाडते. एका गल्लीला एक बारका बरोबर पुरतो. अरे, मग चार गल्ल्यांनी मिळून एक मोठा घ्यावा. इतकं सोपं गणित आजवर कोणालाच सुचलं नव्हतं. रुपरावने विचारलं, मंग मुंडी कोनाची? मुंडी गल्लीतल्या सगळ्यात जुन्या घरी जाते, तशी रीतच आहे. मी म्हटलं, असलं बारीकसारीक नंतर पाहू.

२१ ऑगस्ट
चारही गल्ल्या हो म्हणाल्या. जितेंद्रलाही मुद्दाम बोलावलंय. त्याचं तोंड बघायचंय.

२३ ऑगस्ट, पोळ्याची कर. सकाळ
पोरं बडग्याचा पुतळा मिरवत ओरडतायत, ईडापीडा घेऊन जा गे मारबत. माझंही एक सांगणं: साळे घेऊन जा गे मारबत.

दुपार
डाव्या हाताने लिहितोय.

गल्ल्या चार, जुनी घरं चार, आणि डंपरला मुंडी एकच. हे कोणी आधी सांगायला नको? त्याच्या मानेला हात लागायच्या आतच पहिल्या गल्लीतल्या जुन्या घरच्या शोभाताई म्हणाल्या, मुंडी आमची, नाईतर वाटाच नको. दुसऱ्या गल्लीतला धोंडबा म्हणाला, तुमचीच काहून वं? शोभाताईंनी परात त्याच्या टाळक्यात घातली. मग चपला, मग विटा. कोणाचा तरी दात माझ्या खिशात सापडला. मी मध्ये पडून समजावलं, की मुंडी मोठी आहे, तिचेही चार वाटे पाडू. तेव्हा चारही गल्ल्या पहिल्यांदा एक झाल्या, मला मारायला. डंपर दावं तोडून आला. वाटलं, मला वाचवायला. नाही.

इकडे कामिनीने मागचं फाटक उघडलं. चार बारके, चार मुंड्या. चहा उकळेपर्यंत सगळे खपले. मला कोपऱ्यात बसवून तिने हातावर हळद लावली आणि नोटा मोजायला बसली. मला फार वाईट वाटलं. एखादी शिवी तरी द्यायची.

८ सप्टेंबर, जरीपटका
काउंटरवर. तात्पुरतं.

डंपर घरीच आहे, कामिनीच्या कमाईवर खातो. कोणालाच हाणत नाही म्हणे. ती म्हणते, तुमी दुकानात जाऊन राहिले तवापासून लय शांत झाला.

आज एक गिऱ्हाईक एक इंची खिळे मागत होतं. मी म्हटलं, सहा इंची घ्या, खिळे किलोवर विकतात, नगावर नाही. तो म्हणाला, मले वडलाचा फोटो टांगायचा आहे, वडील नाई.

जितेंद्र म्हणतो, भाऊजी, उद्यापासून मागं गोडाऊनमध्ये बसा.