सतराव्या पानावरची माय्या

रांगामाटी, ३ एप्रिल २०१७

ती. आजूंस, नात मुक्तलताचा सा. न. वि. वि.

तुमची औषधांची वही संगणकावर उतरवते आहे. आपल्या लिपीतली माय्येची खूण द्यायला आधी चुकीची कळ दाबली, तर अक्षरं एकमेकांच्या खांद्यावरच चढून बसली! आता कळलं, अक्षरं जोडणारी खूण वेगळी आणि प्रत्येक अक्षराच्या पोटात मुळातच असलेला ‘आ’ मारणारी माय्या वेगळी. संगणकात दोघींचे क्रमांकही निराळे.

सतराव्या पानावर तापाच्या मुळीच्या नावात शेवटच्या ‘त’वर तुम्ही माय्या दिलीच नाही. त्याचा ‘ता’ होतो, आणि त्या नावाची तर विषारी वेल आहे! विसरलात ना? मी घालू का? बिजूच्या सणाआधी पुस्तक हवं, छापखाना शनिवारपर्यंतच थांबेल.

रागावलात तरी जीव लावून असा.

तुमची, मुक्तलता

जुराछडी, ५ एप्रिल

चि. मुक्तलता हिस आजूचे अनेक आशीर्वाद.

म्हातारा झालो, पण माय्या विसरण्याइतका नाही. जालीम औषधाच्या नावातली एक खूण गाळायची आणि ती शिष्याच्या कानात सांगायची, हे मला गुरूंनी शिकवलं. वही परक्याच्या हाती पडली तरी विद्या घरात राहते. त्या पानाला हात लावू नकोस.

लाँचने सुकी मासळी पाठवली आहे. वेळेवर जेवत जा.

आजू

रांगामाटी, ६ एप्रिल

ती. आजूंस, सा. न.

पुस्तक तीनशे घरांत जाणार. प्रत्येकाच्या कानाशी तुम्ही बसणार आहात का? कुणाच्या पोराला ताप येईल, आणि आई लिहिलंय तेच उकळेल. मला फार भीती वाटते.

बाबांनीही याच वहीतून काढा केला होता. त्यांना धड वाचता येत नव्हतं म्हणून गेले, असं गाव वीस वर्षं म्हणतंय. ते पान कोणतं होतं? उद्याच्या लाँचने उत्तर पाठवा, नाहीतर मी छपाई थांबवते.

मुक्तलता

जुराछडी, ७ एप्रिल

चि. मुक्तलता हिस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. सतरावंच पान.

ताप तुला चढला होता. मी दुसऱ्या पाड्यात रोगी बघायला गेलो होतो. लेकराला देण्याआधी मोठ्या माणसाने घोटभर घ्यायचं, ही आपली रीत तुझ्या बाबाने पाळली, म्हणून तू वाचलीस. ती खूण त्याच्या कानात सांगायचं मी उद्यावर ढकललं होतं. लोक बोलू लागले तेव्हाही गप्प बसलो.

माय्या घाल. आणि पहिल्या पानावर छाप, माझा मुलगा पूर्णसेन याने बरोबर वाचलं होतं.

लोभ ठेवायचा की नाही, ते आता तू ठरव.

कुलमोहन