नेटातला देवाचा वाटा

मालवण,
श्रावण, २००७

चि. यतीनास लवूमामाचा भरपूर आशीर्वाद.

पुण्यात वेळेवर जेवतोस असे धरून चालतो. आमचे म्हणशील तर मी आणि तुझी मामी अजून हिंडतो-फिरतो आहोत, एवढेच. तुझी लिनक्सची मशीन मात्र आजारी आहे. (आमच्या सायबर कॅफेचे नेट सगळ्यांना नीट वाटून देईल म्हणून मे महिन्यात तूच कोपऱ्यात बसवलीस ती. विसरला नसशील तर.)

दुखणे असे, की दर रविवारी आमचा निलेश दुबईहून मामीशी कॅमेऱ्यावर बोलतो आणि गणपतीचे नाव काढतो न काढतो तोच उघड्या तोंडाने थिजतो. मामी त्या तोंडाकडे बघत बसते. पोर गणपतीला येणार, इथेच राहणार, कॅफे सांभाळणार, हे तिने परस्पर ठरवून टाकले आहे. त्याची खोली सारवून झाली. मासेवाल्या मथुरेला सुरमईसुद्धा सांगून ठेवली. (गणपती पोचवल्यावरची हो! तेवढी शुद्ध आहे तिला.)

मी काय करायचे ठेवले? वायरी बदलल्या. नेटवर्क कार्डे काढून, फुंकर मारून परत घातली. टेलिफोनचा माणूस आणला. तो चहा प्याला, लाईन ठणठणीत आहे म्हणाला आणि गेला. शेवटी मशीनपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले. मेली ढिम्म.

तू वेग वाटायची फाईल दाखवून गेला होतास. सगळ्या मशीनना सारखे, आणि एकीचे पडून असेल तर दुसरीने वापरायची मुभा. ही उसनवारी मला काही पटली नाही. आमच्या बापाशीच्या रापणीत जाळे किनाऱ्याला ओढले, की मासळीतून जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे पडायचे, पण सगळ्यांत आधी देवाचा, आणि त्याला बोट लावायची कोणाची प्राज्ञा नव्हती. तसेच मी फाईलीत केले. देवाला घसघशीत ठेवले, उरले ते मशीनना, उसने बंद. नेट अडकायला लागले ते त्यानंतरच, हे खरे. पण देवाला देऊन कोणाचे कमी होते काय रे?

तर रजा काढ आणि ये. निलेशचे बोलणे पुरते ऐकल्याशिवाय मामीला घास गोड लागणार नाही, आणि तिच्याकडे बघून मलाही.

तुझा,
लवूमामा

ता. क. : पत्र पेटीत टाकायचे राहिले. आज रविवार, मामी माहेरी वैभववाडीला गेलेली. मनात संशय होताच, म्हणून देवाची माफी मागून त्याचा वाटा निलेशशी बोलायच्या मशीनला दिला. काय सांगू यतीन, आवाज असा लख्ख, की पोर पडवीत बसून बोलते आहे! म्हणाला, बाबा, माका गणपतीक येवचा नाय. यंदा नाही, पुढेही वाट बघू नका. तिकडेच कायमचे राहायचे ठरवले आहे. कॅफे विकून टाका. आवशीक तुमीच सांगा. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. त्याला वाटले लाईन अडकली. हॅलो, हॅलो करून त्याने बंद केले.

ता. क. दुसरे : यायची घाई करू नकोस. देवाचे देवाला परत दिले आहे. हे फोनवर सांगितले असते, पण फोन घरात आणि मामी परतल्यापासून फोनाशेजारीच. तिने विचारलेच तर सांग, लाईनच खराब आहे, गणपती होईपर्यंत काही दुरुस्त होत नाही.