कान तपासणाऱ्यांचा संघ

३ मार्च

झाले बाई एकदाची सभासद. श्रवणतज्ज्ञ संघाची. इस्पितळात रोज लोकांचे कान तपासते, ते पुरेसं नव्हतं म्हणे. आमच्या विभागप्रमुख बाई कधीच्या मागे लागल्या होत्या — "एकटी राहून काय दिवे लावणार आहेस? आपल्या लोकांत मिसळ. समाजासाठी काहीतरी कर."

आपले लोक! पहिल्याच सभेत आपल्या लोकांनी काय चर्चा केली, तर फलकावर संघाचं नाव वर असावं की श्रवणयंत्राच्या कंपनीचं. चहा कंपनीचा, पेनं कंपनीची, पिशव्या कंपनीच्या. कंपनीचं नाव वर गेलं.

११ मार्च

संघाच्या अध्यक्षांचं नाव मी 'मधाचं बोट' ठेवलंय. प्रत्येकाच्या ओठाला लावतात, पोटात कोणाच्याच काही जात नाही. दर वाक्यात 'सामाजिक बांधिलकी'.

दुसरे आहेत चिटणीस. म्हातारे, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, प्रत्येक ठरावाला "माझा एक आक्षेप आहे". ह्यांचं नाव ठेवायला डोकं चालवावंच लागलं नाही. आक्षेपकाका.

२ एप्रिल

मामाकडे गेले होते. मामेभाऊ — आमचा दादा — काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात आहे. पट्ट्यावरून बाटल्या एकमेकींवर आपटत जातात, तो आवाज दिवसभर कानाशी. घरी टीव्ही असा लावतो की बातम्या शेजारी ऐकतात. वहिनी म्हणाली, "ह्यांच्याशी धड भांडतासुद्धा येत नाही हो. मी बोलते आणि हे आपले हसून मान डोलावतात." दादा हसला, मान डोलावली.

तिथले सगळेच असे. आणि आमचा संघ फलक रंगवतोय. उंटावरून शेळ्या हाकणारे लेकाचे.

१६ एप्रिल

न राहवून सभेत बोललेच. म्हटलं, आवाज कमी करा असं कारखान्याला लेखी कळवा. सगळे आपापल्या कपात बघायला लागले. मधाचं बोट म्हणालं, "आपण संघर्षाची नाही, सहकार्याची भाषा बोलू या."

सहकार्य झालंही लगेच! कारखान्याच्या कँटीनमध्ये मोफत तपासणी शिबिर, गरजूंना यंत्रं. आवाज होता तसाच. छप्पर दुरुस्त नको, खाली बादली ठेवा. शिबिरप्रमुख कोण? बोलेल तो करेल, ह्या न्यायाने मी. घेतलं अंगावर. निदान दादाला यंत्र मिळेल.

२४ एप्रिल

आज आक्षेपकाका. "तपासणीचे निकाल जाणार कोणाच्या हातात? मालकाकडे जाता कामा नयेत. आणि प्रत्येक कामगाराची संमती आधी घ्या."

शब्दांचा कीस काढण्यात ह्यांचं आयुष्य गेलं. मी तोंडावर विचारलं, "काका, तुमच्या आक्षेपांनी आजवर एक तरी कान बरा झालाय का?" सगळे हसले. काका खाली बघून चष्मा पुसत राहिले. ठराव माझ्या बाजूने झाला.

१२ मे

शिबिर झालं. सकाळी कोणी आतच येईना. कँटीनच्या दाराबाहेर घोळका, एकमेकांना कोपराने ढकलतायत. फुकट मिळतंय तरी नको! अडाणीपणाला औषध नाही. शेवटी दादाला दंडाला धरून आत आणलं. तो म्हणाला, "अगं, राहू दे ना. चाललंय की आपलं."

"मी आहे ना," म्हटलं. बसला. तो बसला म्हणून मागे रांग लागली.

संध्याकाळी व्यवस्थापकांनी निकाल मागितले, "यंत्रं कोणाला द्यायची ते बघायला." दिले. मधाच्या बोटाने मला मधोमध उभं करून फोटो काढला. खरं सांगायचं तर छान वाटलं.

३० मे

दादाला यंत्र बसवलं. वहिनी हळूच काहीतरी पुटपुटली. दादा म्हणाला, "म्हणजे एवढी वर्षं तू हे असलं बोलत होतीस?" हसून हसून पुरेवाट.

१९ जून

दादाला कामावरून काढलं. ज्यांचे ज्यांचे निकाल वाईट होते, त्या सगळ्यांना काढलं. कारण काय, तर कानात यंत्र घालूनही चालू मशीनजवळ धोक्याची हाक त्यांना ऐकू येणार नाही. कान ह्यांनीच फोडले, आणि आता फुटका कान चालत नाही.

दाराबाहेरचा घोळका अडाणी नव्हता. त्यांना हे माहीत होतं. सगळ्या कँटीनमध्ये अडाणी एकच होती.

वहिनीचा फोन आला. "तुम्ही म्हणाला होतात ना, मी आहे ना म्हणून?" मी काही बोलायच्या आत ठेवून दिला.

२२ जून

अध्यक्षांकडे गेले. "तुमच्या भावना समजतात मला. पण संघाने ह्यात पडणं बरं नाही."

म्हटलं, "पडून झालंय, साहेब. कामगारांच्या अंगावर."

तिथून आक्षेपकाकांकडे. वाटलं, दार लावून घेतील. त्यांनी चहा टाकला. 'मी सांगत होतो' एवढं म्हणाले असते तर मला भांडता तरी आलं असतं. तेही नाही. म्हणाले, "कामगार आयुक्तांकडे तक्रार करू. संमती न घेता निकाल मालकाला दिले, हे सिद्ध झालं तर त्यांना कामावर परत घ्यावं लागेल. पण ते कोणीतरी उभं राहून सांगायला हवं. सांगणाऱ्याची व्यवसायाची नोंदणी जाऊ शकते. नोंदणी गेली की इस्पितळही गेलं. नीट विचार कर, बाळ."

बाळ म्हणाले मला.

१ जुलै

काकांनी तक्रार दाखल केली, तसा मधाच्या बोटाचा फोन. "कामगारांनी तोंडी संमती दिली होती, एवढंच म्हणा. संघाची अब्रू राहील, तुमची नोकरी राहील." मग विभागप्रमुख बाई — "जरा व्यवहाराने वाग गं."

मी "बघते" म्हणाले. इतरांना भित्रे म्हणत हिंडणारी मी — साधं "नाही" तोंडातून निघालं नाही.

८ जुलै

आयुक्तांच्या कचेरीत माझी साक्ष झाली. निर्णय नंतर कळवतील. अध्यक्ष मागच्या बाकावर होते. आक्षेपकाका कामगारांत बसले होते. दादा माझ्या समोर, कानात यंत्र नाही.

विचारलं, "संमती घेतली होती?"

"नाही. मी कोणाला विचारलंच नाही. निकाल मीच दिले."

अधिकारी म्हणाले, "मोठ्याने बोला, बाई. ह्या लोकांना ऐकू येत नाही."

दादाकडे तोंड केलं आणि पुन्हा सांगितलं. मोठ्याने.