माहेरची लाल कोंबडी

आई,

पडघ्याच्या बाजारातून मी तुला एक कोंबडी आणली होती. करडी, गावठी, अंड्यावर आलेली. गोदामात पॅकिंगला लागले तेव्हाचा तो माझा पहिला पगार. हौसेने आणून मी ती थेट तुझ्या कोंबड्यांत सोडली आणि तू शेजाऱ्यांदेखत माझ्या कानाखाली जाळ काढलास. "बाजारची कोंबडी आठ दिस टोपलीखाली येगली ठेवायची, किती येला सांगितलंय? रोग घालशील घरात." तिथेच पायाखाली तिचे पंख दाबून तू कोयतीने मुंडकं उडवलंस. रक्त माझ्या नव्या ड्रेसवर आलं. रात्री तीच मला वाढलीस आणि मी मुकाट्याने गिळली.

तुझं सगळं असंच. खुराड्यात मुंगूस शिरलं, ते मुसळाने ठेचलंस. मानमोडीची साथ आली की पहिली मान वाकडी झालेली कोंबडी उभ्या उभ्या कापायचीस आणि चुना टाकून पुरायचीस. म्हणून तर आपल्या वळ गावातली खुराडी ओस पडली तरी आपलं टिकायचं. आज माझ्या दारातही कोंबड्या आहेत आणि मी तुझ्याच रीतीने सांभाळते.

ती करडी कापलीस, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मात्र पहिली मान वाकडी झाली ती तुझ्या लाल कोंबडीची. आजीने माहेरून दिलेल्या जातीतली ती शेवटची. मी कोयती आणून दिली, तू घेतली नाहीस. ओटीवर तिला मांडीवर घेऊन बसलीस, चोचीत थेंब थेंब हळदीचं पाणी सोडत, बोटाने तिची मान कुरवाळत. "बाय माझी," म्हणत होतीस. मला तू असं कधी म्हणाली नाहीस.

आठवड्यात सगळं खुराडं माना टाकायला लागलं. मग तू वेड लागल्यासारखी एकेक धरून कापत सुटलीस, धडधाकट होत्या त्याही. मुंडकं नसलेला कोंबडा धावत जाऊन अंगणालगतच्या गोदामाच्या भिंतीवर आपटला. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. शेवटी लाल तेवढी राहिली, तेव्हा कोयती माझ्यापुढे टाकून तू तोंड फिरवलंस.

"माझ्यानी न्हाय व्हायचं. तू कर."

पोरीने आईवरचा भार घेतला, असं लोक तेव्हा म्हणाले. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी म्हणतात, आणि मी ऐकून घेते. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते. मला त्या कोंबडीचा हेवा वाटत होता, आई. तिला एक घाव पुरला असता. मी तीन घातले.