ऑब्रीला क्रोमरला नेताना

शुक्रवार, ७ ऑगस्ट, सकाळ
आज निघायचं. ऑब्री सहापासून बूट घालून जिन्यात बसलाय! अर्जात लिहिलं — भाऊ, वय सेहेचाळीस, समज सात वर्षांच्या मुलाची. आई गेल्यापासून चार महिने माझ्याकडे आहे. क्रोमरला समुद्राकाठी अशा लोकांसाठी घर आहे, तिथे पंधरा दिवस ठेवून बघायचं. त्याला सांगितलंय — सुट्टी.

तोच दिवस, संध्याकाळ, क्रोमरच्या लॉजवर
लिहू नये असं वाटतंय.
किंग्ज लिनपर्यंत एका ट्रॅक्टरच्या मागे रखडलो. मी चरफडतेय, हा हात हलवतोय. "ताई, त्याने पण हलवला! बघितलंस?" प्रत्येक गावाची पाटी मोठ्याने वाचत होता, अक्षरं लावून लावून.
जेवायला पबमध्ये थांबलो, तर समोर मिसेस पार्गिटर! आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. एकोणीस वर्षं एकत्र काम करतोय, मला भाऊ आहे हे त्यांना ठाऊक नाही. ऑब्रीच्या हनुवटीला मटार चिकटलेला, तोंडाने "ताई, ताई" चालू.
"हे कोण?"
"एका संस्थेतला आहे. सुट्टीत अशांना फिरवते मी कधीकधी."
"किती मोठं मन हो तुमचं! आणि ताई म्हणतो तुम्हाला, किती गोड!"
"तो सगळ्यांनाच म्हणतो."
हसले वर!
ऑब्रीचा काटा हवेतच थांबला. मग तो गुमान खात राहिला. पुढे फेकनम गेलं, होल्ट गेलं. एकही पाटी वाचली नाही त्याने.

शनिवार
सोडून आले. घर सांभाळणाऱ्या मेट्रन चांगल्या वाटल्या. त्यांनी त्याला विचारलं, "या कोण रे तुझ्या?"
"बाई आहेत. सुट्टीत फिरवतात."
मेट्रननी अर्ज बघितला, मग माझ्याकडे. "गोंधळलाय बिचारा!"
गोंधळला नव्हता तो. पण तसं म्हटलं असतं तर पबमधलं सगळंच सांगावं लागलं असतं. मी मान डोलावली. मान डोलावली!

रविवार
घरी. अगदी शांत. हेच हवं होतं ना?

मंगळवार
मिसेस पार्गिटरना फोन केला. सांगून टाकलं — तो माझा सख्खा भाऊ. त्या म्हणाल्या, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"
"हे कोण?" असं कुणी विचारलं म्हणून आईने कधी मान खाली घातली नाही. मी शाळकरी असतानाच घातली, आणि तेच चालू.
उद्या त्याला घेऊन येते. पंधरा दिवस गेले खड्ड्यात.

बुधवार, १२ ऑगस्ट
कुठेही न थांबता गेले. मेट्रनसमोर, सगळ्यांसमोर म्हटलं, "मी याची बहीण. न्यायला आलेय." गाडीचं दार उघडून उभी राहिले.
ऑब्री पायरीवरून हलला नाही. रागावलेला नव्हता. समजावून सांगितल्यासारखं म्हणाला —
"अनोळखी माणसाच्या गाडीत बसायचं नाही, बाई. आईने सांगितलंय."